चार समान वाटे करू नकोस

*पत्र:* दादा, वर्षभर साठवलेल्या पैशांतून पीसी जोडला. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०६० आहे. आता मॉनिटर, कीबोर्ड, माउस आणि हेडसेट राहिलेत. सध्या एक जुना २१ इंची मॉनिटर आणि कधीकाळचा साधा कीबोर्ड-माउस वापरतोय. उरलेल्या पैशांचे चार समान वाटे करून चारही वस्तू घ्यायचं ठरवलंय. मॉनिटर २७ इंची फोर-के, १ मिलिसेकंदवाला, एचडीआर, जमलं तर वक्र. माउस २६,००० डीपीआयचा, कीबोर्ड मेकॅनिकल, हेडसेट ७.१ चा. रात्री मित्रांबरोबर व्हॅलोरंट हा ऑनलाइन नेमबाजीचा गेम, सुट्टीच्या दिवशी मोठे गोष्टीवाले गेम आणि दिवसभर त्याच टेबलावर कोडिंगचा अभ्यास असं माझं चालतं. एक मित्र म्हणतो, १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊनही त्याला काडीचा फरक जाणवला नाही, हे हर्ट्झबिर्ट्झ सगळं विकायचं बोलणं आहे. खरं का? ता. क. मॉनिटरच्या मागे एलईडीची पट्टी लावू का? बहीण हसते.

*उत्तर:* तुझ्या मित्राचं आधी घेतो, कारण त्याचं दुखणं माझ्या ओळखीचं आहे. त्याला म्हणावं, डेस्कटॉपच्या रिकाम्या जागी राइट क्लिक कर, डिस्प्ले सेटिंग्जमध्ये जा, खाली ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघड आणि रिफ्रेश रेटसमोर, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा नवं चित्र काढतो (तेच हर्ट्झ) त्यासमोर, काय आकडा आहे तो वाच. बहुतेक ६० निघेल. मॉनिटर १४४ चा असला तरी विंडोज कितीदा तरी त्याला ६० वरच चालवत बसतं, आकडा आपल्या हाताने बदलावा लागतो. मी माझा पहिला १४४ वाला आणला तेव्हा तीन आठवडे येईल त्याला समोर बसवून ‘बघ कसं सरसर चालतंय’ असं ऐकवत होतो. एकाने माउसचा बाण पडद्यावर गोल गोल फिरवला आणि शांतपणे विचारलं, हा १४४ वर आहे ना नक्की? नव्हता. तीन आठवडे मला जो फरक दिसत होता तो पैसे मोजल्याचा होता.

ती बाण फिरवायची युक्ती चांगली आहे, लक्षात ठेव. ६० वर बाण जोरात फिरवला की त्याच्या सुट्या सुट्या प्रतिमा अंतर राखून दिसतात. १४४ वर त्याच प्रतिमा दुपटीहून जास्त दाट होतात. एकदा पाहिलंस की पुन्हा कोणाला विचारावं लागणार नाही.

आकडा बदलायला गेल्यावर यादीत १४४ दिसलाच नाही, तर त्याला कॅबिनेटच्या मागे वाकायला सांग. मदरबोर्डचे पोर्ट वरच्या बाजूला, यूएसबीच्या शेजारी असतात. ग्राफिक्स कार्डाचे त्याच्या खाली, आडव्या ओळीत. केबल वरच्या एचडीएमआयमध्ये खुपसलेली असली तर मॉनिटर चालतो, चित्र दिसतं, तक्रार काहीच नसते. फक्त एवढ्या पैशांचं कार्ड खाली हात बांधून बसलेलं असतं. प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स असले की ही चूक सहज खपून जाते. तूही आज एकदा बघून घे.

तर, हर्ट्झ हे नुसतं विकायचं बोलणं नाही. पण त्याची गंमत अशी की सगळ्या उड्या सारख्या लांबीच्या नसतात. ६० हर्ट्झला एक चित्र पडद्यावर १६.७ मिलिसेकंद टिकतं, १४४ ला ६.९, २४० ला ४.२ आणि ३६० ला २.८. पहिल्या उडीत जवळजवळ १० मिलिसेकंद वाचतात. १४४ वरून २४० ला गेलास तर तीनसुद्धा नाहीत. पहिली उडी डोळ्याला आणि हाताला दोघांनाही कळते. दुसरीसाठी तू बऱ्यापैकी मुरलेला नेमबाज असायला हवास. तुझ्या खेळण्याबद्दल मला माहिती नाही, पण दिवसभर कोडिंग आणि रात्री मित्रांसोबत दोन तास एवढ्यावर १६५ किंवा १८० हर्ट्झ भरपूर झाले.

आता समान वाट्यांचं. तुझ्या पत्रातली मला न पटलेली मुख्य गोष्ट हीच. चार वस्तू आहेत म्हणून चार वाटे, हा हिशोब भावंडांत बरा, इथे नाही. ग्राफिक्स कार्ड तू तीन-चार वर्षांत बदलशील. मॉनिटर मात्र पुढचं कार्ड बघेल, नशीब असेल तर त्याच्या पुढचंही. शिवाय त्याच्याकडे तू गेम खेळताना, अभ्यास करताना, काहीच करत नसतानाही बघत असतोस. अर्ध्याहून जास्त पैसे मॉनिटरवर जाऊ देत. मग माउस. मग हेडसेट. कीबोर्ड तूर्तास जुनाच राहिला तरी चालेल, का ते पुढे सांगतो.

फोर-के नको. हे मी कंजूसपणाने सांगत नाही. साध्या १९२० बाय १०८० च्या, म्हणजे १०८०पी पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात. २५६० बाय १४४० वर ३६.९ लाख. ३८४० बाय २१६० म्हणजे फोर-के, तिथे ८२.९ लाख, साध्या पडद्याच्या बरोबर चौपट. प्रत्येक फ्रेमला, म्हणजे प्रत्येक चित्राला, एवढे पिक्सेल रंगवायचं काम कार्डाच्या माथी येतं. तुझं ४०६० हे ८ जीबी मेमरीचं, मुळात १०८०पी साठी काढलेलं कार्ड आहे. १४४० वर त्याला डीएलएसएसची, म्हणजे कमी पिक्सेलांत रंगवून चित्र मोठं करण्याच्या एनव्हिडियाच्या सोयीची, काठी दिलीस तर ते बऱ्याच मोठ्या गेममध्ये नीट चालतं. फोर-केवर ते धापा टाकेल, मग तू सेटिंग खाली आणशील आणि महागड्या पडद्यावर स्वस्तातलं चित्र बघत बसशील. व्हॅलोरंटचं वेगळं. तो इतका हलका आहे की १४४० वरही तुझं कार्ड मॉनिटरला पुरून उरेल, तिथे प्रोसेसरच आधी दमतो.

आकार आणि रिझोल्यूशन यांची जोडी एकत्रच ठरवायची असते. ही गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. इंचाला किती पिक्सेल बसतात ते बघ: २४ इंची १०८०पी ला साधारण ९२, २७ इंची १०८०पी ला ८२, २७ इंची १४४० ला १०९. मधला आकडा वाईट आहे. २७ इंचावर १०८०पी घेतलास तर गेममध्ये एक वेळ निभावेल, पण दिवसा कोड लिहिताना अक्षरांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसतील. तू फक्त व्हॅलोरंट खेळणारा असतास तर मी डोळे झाकून २४ इंची १०८०पी सांगितला असता. तुझं दिवसाचं काम बघता २७ इंची, १४४०, १६५ ते १८० हर्ट्झ, आयपीएस पॅनेल. माझं उत्तर एवढंच आहे, बाकीचं त्याचं स्पष्टीकरण.

पडद्याच्या पॅनेलचे आयपीएस, व्हीए आणि ओलेड असे प्रकार असतात. मग पॅनेल आयपीएस का? रंग चांगले, बाजूने बघितलं तरी बिघडत नाहीत आणि अक्षरं स्वच्छ दिसतात. दोष असा की काळं पुरतं काळं होत नाही. कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या-काळ्यातला फरक, साधारण १०००:१, अंधाऱ्या खोलीत काळा पडदा करडा वाटतो आणि कोपऱ्यांत धूसर चकाकी दिसते. व्हीए पॅनेलचा कॉन्ट्रास्ट सहज ३०००:१ च्या घरात असतो, म्हणून अंधाऱ्या गुहा-जंगलांचे गेम त्यावर देखणे दिसतात. पण स्वस्त व्हीएमध्ये गडद रंग बदलायला वेळ लागतो. काळ्या भिंतीसमोरून कोणी पळालं की मागे शाई फासल्यासारखा पट्टा दिसतो, आणि शूटरमध्ये तो पट्टा डोक्यात जातो. ओलेड या दोघांनाही खिशात घालतं, काळं म्हणजे खरंच काळं आणि वेग विचारायलाच नको. पण तुझ्या पडद्यावर रोज आठ तास तोच टास्कबार आणि कोड एडिटरची तीच डावी पट्टी उभी असणार. ओलेडवर अशा न हलणाऱ्या गोष्टींचा डाग कालांतराने कायमचा बसू शकतो. पुढच्या वेळी बघ.

‘१ मिलिसेकंद’ हा पिक्सेलला रंग बदलायला लागणाऱ्या वेळेचा आकडा मनातून काढून टाक. तो बहुतेक वेळा मॉनिटरच्या मेनूतली ओव्हरड्राइव्हची सेटिंग पार टोकाला नेऊन मिळवलेला असतो. त्या टोकाला पिक्सेल इतका घाईने रंग बदलतो की मुक्कामाच्या पुढे निघून जातो आणि हलणाऱ्या वस्तूमागे उजळ सावली दिसू लागते. कधी कधी तर तो आकडा भलत्याच मोजणीचा असतो, मागचा दिवा उघड-मीट करून मिळवलेला, ज्यात प्रकाश कमी होतो. मॉनिटर आल्यावर मेनूत ओव्हरड्राइव्ह मधल्या पायरीवर ठेव, ब्राउझरमध्ये टेस्टयूएफओ नावाची चाचणी उघड आणि उडत्या तबकडीच्या मागे काय दिसतं ते बघ. पाच मिनिटांत तुला तुझी पायरी सापडेल.

एचडीआरचंही, म्हणजे लख्ख आणि गडद यांतला जास्त फरक दाखवण्याचंही, तेच. खोक्यावर डिस्प्लेएचडीआर ४०० असा शिक्का असेल तर त्याचा अर्थ पडदा ४०० निट्सपर्यंत (निट हे उजेडाचं माप) उजळतो. पण पडद्याचा एक भाग लख्ख आणि शेजारचाच भाग गडद ठेवायचा तर मागचे दिवे कप्प्याकप्प्यांनी मंद करता यायला लागतात, आणि त्याची अट ४०० च्या शिक्क्यात नाही. एचडीआरचा सगळा जीव तर त्यातच आहे. असा शिक्का फुकट मिळाला तर घे, त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नकोस. वक्र पडद्याचं तर मला आजवर नीट कळलेलंच नाही. ३४ इंची रुंद पडद्याच्या कडा डोळ्यांपासून लांब जातात, तिथे वाकवण्याला अर्थ आहे. २७ इंचावर तो नटवेपणा. १५००आर म्हणजे दीड मीटर त्रिज्येचा वाक, तू त्याच्या निम्म्या अंतरावर बसणार.

ज्यासाठी मी खरंच अडून बसेन ती गोष्ट तुझ्या यादीतच नाही: बदलता रिफ्रेश रेट. मॉनिटर चित्र वरून खाली रंगवत येतो. अर्ध्यावर आला असताना कार्डाने नवी फ्रेम पुढे केली, तर वरचा अर्धा भाग जुना आणि खालचा नवा. दरवाजाची चौकट मधोमध फाटल्यासारखी दिसते ती यामुळे. जुना उपाय व्ही-सिंक. तो कार्डाला थांबवून ठेवतो, फाटणं जातं पण हाताला जडपणा येतो. बदलत्या रिफ्रेश रेटमध्ये उलटं होतं, मॉनिटरच कार्डासाठी थांबतो. एनव्हिडियाने २०१३ मध्ये हीच सोय जी-सिंक या नावाने आणली तेव्हा त्यासाठी मॉनिटरमध्ये वेगळी सर्किटची पाटी लागायची आणि मॉनिटर महाग व्हायचा. २०१९ पासून त्यांची कार्डं साध्या ॲडॅप्टिव्ह-सिंक मॉनिटरवरही हे करतात, त्यामुळे तुला फ्रीसिंक (एएमडीचं त्याच सोयीचं नाव) लिहिलेला मॉनिटर बिनधास्त चालेल. मोठ्या गेममध्ये तुझं कार्ड क्षणात ९०, क्षणात ५५ फ्रेम देईल. ती धडधड तुझ्यापर्यंत पोचू न देणं हे याचं काम.

केबल डिस्प्लेपोर्टची लाव. मॉनिटरवरचा एचडीएमआय २.० असेल तर १४४० वर तो १४४ हर्ट्झपर्यंतच जातो, मग १८० चा मॉनिटर घेऊन उपयोग काय. डिस्प्लेपोर्ट १.४ ला हा भार काहीच नाही. आणि स्टँड बघ. स्वस्त मॉनिटरचा स्टँड फक्त मागे-पुढे कलतो, उंची बदलत नाही. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जराशी खाली यायला हवी, आणि हात लांब केला की बोटं पडद्याला टेकावीत एवढं अंतर. स्टँड गरीब असला तरी मागे १०० बाय १०० मिलिमीटरची चार भोकं आहेत एवढं बघून घे, म्हणजे पुढेमागे आर्म लावता येईल.

माउसकडे येऊ. २६,००० डीपीआय म्हणजे काय ते हाताने करून बघण्यासारखं आहे. डीपीआय म्हणजे माउस एक इंच सरकला की तो किती पावलं मोजतो. तुझा पडदा २५६० पिक्सेल रुंद. २६,००० वर माउस अडीच मिलिमीटर सरकला, म्हणजे नुसता अंगठा चळला, की बाण या कडेपासून त्या कडेला. ८०० वर तेच अंतर कापायला आठ सेंटिमीटर हात हलवावा लागतो. आता सांग, दाराच्या फटीतून दिसणाऱ्या डोक्यावर नेम तुला कशाने धरायचाय? मुरलेले शूटर खेळाडू ४०० ते १६०० मध्येच असतात. आजचा कुठलाही बरा सेन्सर तेवढं अचूक मोजतो, त्याच्या वरचे आकडे खोक्यासाठी.

माउसमध्ये बघायचं ते आकार आणि वजन. तळवा पूर्ण टेकवून धरतोस, बोटं पंज्यासारखी उभी ठेवतोस की फक्त टोकांनी धरतोस, ते आज रात्री खेळता खेळता स्वतःकडे बघून ठरव. तळवा टेकवणाऱ्याला मागून फुगीर माउस बरा, टोकांनी धरणाऱ्याला लहान आणि चपटा. वजन ८० ग्रॅमच्या आत असेल तर मनगट दुवा देईल. शक्य असेल तिथे हातात धरून बघ, दुसऱ्याच्या हाताला बसलेला माउस तुझ्या हाताला बसेलच असं नाही.

पोलिंग रेट १००० हर्ट्झ असला की झालं, माउस मिलिसेकंदाला एकदा खबर देतो. ८००० वाले प्रोसेसरचं डोकं खातात, आणि तुझ्याकडे प्रोसेसर आधीच व्हॅलोरंटमध्ये दमतोय. वायरलेस चालेल, फक्त ब्लूटूथवर खेळू नकोस, सोबतचा डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायचा छोटा रिसीव्हर, वापर. आणि तो डोंगल कॅबिनेटच्या मागे खुपसू नकोस. मी खुपसला होता, निळ्या यूएसबी ३ पोर्टात, शेजारी बाहेरची हार्ड डिस्क. डिस्कवर काही कॉपी होऊ लागलं की माउस अडखळायचा. मी सेन्सरला दोष दिला, बॅटरी चार्ज केली, माउसपॅड धुतला. दोष शेजाऱ्याचा होता. यूएसबी ३ च्या तारांतून जो गोंगाट बाहेर पडतो तो डोंगलच्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो, इंटेलने २०१२ मध्येच हे लिहून ठेवलंय. माउसच्या खोक्यात एक आखूड एक्स्टेन्शन केबल येते ना, जी आपण निरुपयोगी समजून खणात टाकतो, ती याचसाठी. डोंगल पॅडजवळ आणून ठेव.

विंडोजच्या माउस सेटिंगमधली ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ची खूण काढून टाक. नाव गोड आहे, पण हात जोरात हलवला की बाण जास्त लांब नेणं एवढंच तिचं काम, त्यामुळे हाताला अंतराची सवय लागत नाही. आणि कापडी मोठा पॅड घे. या सगळ्या खर्चात सर्वात कमी पैशांत सर्वात जास्त सुख तोच देतो.

कीबोर्ड जुना चालेल म्हणालो, पण एक परीक्षा घे. नोटपॅड उघड, शिफ्ट आणि डब्ल्यू दाबून धर, मग ए, मग स्पेस. तुझ्या खेळात एकदम दाबायला लागतात तसे सगळे जोड करून बघ. एखादी कळ गिळली गेली तर कीबोर्ड बदलायचं खरं कारण मिळालं. नाही तर पुढच्या सहामाहीत. घेशील तेव्हा नंबरपॅड नसलेला, ८७ कळांचा घे, माउसला जागा मिळते. मेकॅनिकल कीबोर्डात कळेखालचा स्विच लाल असला तर सरळ खाली जातो, तपकिरीला मध्ये हलकी गाठ लागते, निळा खटखट वाजतो. रात्री मित्रांशी माइकवर बोलणाऱ्याने निळा घेतला तर मित्र तुटतात. आजकाल चुंबकी स्विचवाल्यांची हवा आहे, कळ किती दाबली की नोंद व्हावी ते त्यात ठरवता येतं. छान आहेत. पण दोन उलट दिशांच्या कळा एकदम दाबल्या तर कोणती मानायची ते कीबोर्डनेच ठरवण्याची जी सोय काहींत येते ती जपून वापर. व्हॉल्व्ह या कंपनीने ऑगस्ट २०२४ पासून आपल्या काउंटर-स्ट्राइक २ या शूटरच्या अधिकृत सर्व्हरवर ती पकडली की खेळाडूला बाहेर काढायला सुरुवात केली.

हेडसेटचं थोडक्यात. ७.१ म्हणजे कानाजवळ सात स्पीकर नसतात, बहुतेकांत दोनच असतात आणि बाकीचा भास सॉफ्टवेअर करतं. व्हॅलोरंटच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये एचआरटीएफ आहे, म्हणजे दोनच स्पीकरांतून आवाजाची दिशा भासवण्याची सोय, ते तेच काम गेमच्या आतून आणि जास्त चांगलं करतं. दोन्ही एकदम चालू ठेवलंस तर पावलं नक्की कुठून येतायत तेच कळेनासं होईल. साधा स्टीरिओ, हलका, कान न भाजणारा आणि माइक बरा असा घे. ब्लूटूथवाला नको. त्याचा माइक सुरू झाला की बहुतेकांचा आवाज टेलिफोनसारखा होतो आणि उशीर होतो तो वेगळाच.

मॉनिटर घरी आला की त्याच दिवशी, परत करायची मुदत शिल्लक असताना, दिवे मालव आणि पडदाभर काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा रंग लावून बघ. मेलेला पिक्सेल पांढऱ्यावर ठिपक्यासारखा दिसतो, अडकलेला काळ्यावर चमकतो. काळ्यावर कोपऱ्यांत थोडी चकाकी दिसणारच, ती आयपीएसची जात आहे. पण एकाच कोपऱ्यातून टॉर्च मारल्यासारखा उजेड येत असेल तर बदलून घे. मग ब्राइटनेस उतरव. खोक्यातून निघालेला मॉनिटर डोळे दिपवायला बसलेला असतो. शेजारी एक कोरा कागद धर आणि पडद्यावरचं पांढरं त्या कागदाएवढं होईपर्यंत खाली आण.

आणि एलईडीची पट्टी लाव की. बहिणीला सांग, अंधाऱ्या खोलीत आयपीएसचं करडं काळं याच पट्टीमुळे काळं वाटतं, कारण मागची भिंत उजळली की डोळ्यांची बाहुली थोडी आकसते. पांढरी घे, ६५०० केल्व्हिनची, आणि मंद ठेव. रंग बदलणारी घेतलीस तर हसायचा तिचा हक्क मी मान्य करतो, कारण मागे जांभळा झगमगाट असला की पडद्यावरचे रंगच भलते दिसायला लागतात. मॉनिटरला यूएसबी पोर्ट असेल तर पट्टी त्यातच लाव, बहुतेक मॉनिटर बंद झाले की तीही विझते.